प्रोफेशनल रायटिंगच्या मास्टर्सला अर्ज: आधी नमुने, मग आयईएलटीएस

नाशिकमधून या विषयाला अर्ज करणाऱ्यांचा क्रम ठरल्यासारखा असतो. आधी कॉलेज रोडवर आयईएलटीएसचा, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास, मग परदेशी शिक्षण सल्लागाराचं ऑफिस, मग त्याने दिलेली विद्यापीठांची यादी, मग एसओपी, म्हणजे का शिकायचं त्याचं निवेदन. शेवटच्या रात्री पोर्टलवर लक्षात येतं की ‘रायटिंग सॅम्पल’ म्हणजे लेखनाच्या नमुन्याचा रकाना अजून रिकामाच आहे. मग कॉलेजच्या वार्षिकांकातली कविता शोधून, इंग्रजीत उतरवून चढवली जाते.

मी तांत्रिक लेखनात काम करतो आणि ओळखीपाळखीतून आलेले अर्ज पाठवण्याआधी वाचून देतो. चूक बहुतेक वेळा एकच निघते: जे सर्वांत आधी करायला हवं ते सर्वांत शेवटी केलेलं असतं. मीही केलं होतं. माझ्या पहिल्या अर्जाला गोदावरीच्या पुरावरचा ललितलेख जोडला होता. उत्तर आलं, दोन ओळींचं.

खालचा क्रम नेहमीच्या क्रमाच्या जवळपास उलटा आहे, आणि तो मुद्दाम तसा ठेवला आहे.

टप्पा १: विषय नेमका कोणता, ते ओळखा

प्रोफेशनल रायटिंगमध्ये वाचणाऱ्याला वाचून झाल्यावर काहीतरी करायचं असतं: मशीन चालवायचं, औषध घ्यायचं, अर्ज भरायचा, निर्णय घ्यायचा. तांत्रिक लेखन, अ‍ॅपच्या पडद्यावरचा मजकूर म्हणजे यूएक्स लेखन, औषध कंपन्यांसाठीचं वैद्यकीय लेखन, अनुदानाचे प्रस्ताव, संस्थांचे अहवाल, संपादन हे सगळं यात येतं. कथा-कादंबरी लिहायची असेल तर क्रिएटिव्ह रायटिंगकडे जा. बातमीदारी करायची असेल तर पत्रकारितेकडे जा. त्यासाठी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. साहित्याचा अभ्यास करायचा असेल तर एमए इंग्रजी किंवा एमए मराठी बरं. हे सगळं एकाच टोपलीत टाकून अर्ज केला की नमुनेही चुकतात आणि एसओपीही.

शोधताना एकाच नावावर थांबू नका. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन आणि मेरिलंडच्या टाउसन विद्यापीठात ‘प्रोफेशनल रायटिंग’ याच नावाची पदव्युत्तर पदवी आहे. पण टोरोंटो मेट्रोपॉलिटनमध्ये नाव ‘प्रोफेशनल कम्युनिकेशन’ आहे, आणि आयर्लंडच्या लिमरिकमध्ये ‘टेक्निकल कम्युनिकेशन अँड ई-लर्निंग’. नावं वेगळी असली तरी घराणं एकच.

नाव वाचून ठरवू नका, विषयांची यादी उघडा. संपादन, दस्तऐवजाची रचना, वाचकचाचणी, इंटर्नशिप असे विषय दिसले तर तुम्ही योग्य दारात आहात. कथालेखनाच्या कार्यशाळाच जास्त दिसल्या तर दार चुकलं.

*तपासा:* तुमची पदवी तीन वर्षांची आहे का? परदेशातली काही विद्यापीठं तीन वर्षांची भारतीय पदवी स्वीकारतात, काही सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. हा प्रश्न ॲडमिशन ऑफिसला ईमेलने आजच विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. सगळे नमुने तयार झाल्यावर हे कळण्यात काही अर्थ नाही.

टप्पा २: कॅलेंडर मागून मोजा

अमेरिकेत ऑगस्टच्या प्रवेशासाठी बऱ्याच ठिकाणी अर्जाची मुदत आदल्या डिसेंबर ते फेब्रुवारीत संपते. म्हणजे आदल्या वर्षीच्या जूनमध्ये सुरुवात करायला हवी. माझी वाटणी अशी:

१. जून ते ऑगस्ट: नमुने, फक्त नमुने.
२. ऑगस्टचा शेवट: शिफारसपत्रांसाठी प्राध्यापकांना भेटणं आणि ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा, अर्ज.
३. सप्टेंबर: इंग्रजीची परीक्षा.
४. ऑक्टोबर: एसओपी.
५. नोव्हेंबर: पोर्टलवर अर्ज भरणं.

गणपतीपासून दिवाळीपर्यंत कुठल्याही कार्यालयात कागद हलत नाही असं धरून चला. हलला तर आनंदच. घरी द्राक्षबाग असेल तर आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत तुम्हाला टेबलावर बसायला मिळणार नाही, आणि बागेचा पैसा हाती येतो तो माल गेल्यावर. अर्जाची फी, परीक्षेची फी आणि प्रवेश पक्का करण्याची अनामत रक्कम नेमक्या कोणत्या महिन्यांत लागेल, ते वडिलांसमोर बसून जूनमध्येच लिहून काढा. पैसे असतात, पण त्या महिन्यात हातात नसतात, असं बऱ्याच घरांत होतं.

टप्पा ३: नमुने तयार करा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. तीन नमुने पुरतात. काही ठिकाणी एकच दहा-बारा पानी नमुना मागतात, काही ठिकाणी दोन-तीन छोटे. तीन वेगळ्या प्रकारचे हाताशी असले की कुठलीही अट भागवता येते. मी सुचवतो ते तीन प्रकार: एक सूचनापत्रक, एक पुनर्लेखन, एक छोटा शिफारस-अहवाल.

३.१ सूचनापत्रक

विषय शोधायला लांब जावं लागत नाही. सातपूर-अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमधलं मशीन, घरातलं ठिबकचं फिल्टर, बागेतलं जीएचं द्रावण, काहीही चालेल. मात्र ते काम तुम्ही स्वतः केलेलं असावं, किंवा करणाऱ्याच्या शेजारी उभं राहून पाहिलेलं तरी.

जीएचंच उदाहरण घेऊ. द्राक्षाच्या घडांच्या डिपिंगसाठी, म्हणजे घड बुडवून काढण्यासाठी, जिबरेलिक ॲसिडचं (जीए) द्रावण करायचं आहे. एका मुलीने पहिल्या कच्च्या मसुद्यात असं लिहिलं होतं:

*१. १ ग्रॅम जीए पावडर १०० लिटर पाण्यात मिसळून १० पीपीएमचं द्रावण तयार करावं. २. द्रावण ढवळावं. टीप: पावडर आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावी.*

आकडा बरोबर आहे. १०० लिटरमध्ये १ ग्रॅम म्हणजे १० पीपीएमच, दहा लाख भागांत दहा भाग. पण टेक्निकल ग्रेडची पावडर थेट पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून ती आधी अल्कोहोलमध्ये घ्यावी लागते. ही गोष्ट टीप म्हणून तळाशी गेली आहे. बागेतला माणूस पहिली ओळ वाचतो आणि पावडर टाकीत ओततो. टीप वाचेपर्यंत पावडर वाया गेलेली असते. सुधारलेलं असं:

*पावडर थेट पाण्यात टाकू नका, ती विरघळणार नाही.*
*अल्कोहोल पेट घेतं. जवळ विडी-काडी नको.*
*१. १ ग्रॅम पावडर काचेच्या भांड्यात घ्या.*
*२. पावडर पूर्ण भिजेल इतकं अल्कोहोल ओता. कण दिसेनासे होईपर्यंत ढवळा.*
*३. टाकीत १०० लिटर पाणी आहे याची खात्री करा.*
*४. भांड्यातलं द्रावण टाकीत ओता. भांडं टाकीतल्याच पाण्याने विसळून तेही टाकीत ओता. मग ढवळा.*

इशारा आधी, मग पायरी. एका पायरीत एकमेकांना जोडलेलंच काम. क्रियापद आज्ञार्थी: ‘ओता’, ‘ढवळा’. ‘मिसळण्यात यावं’ असं नाही. विमानांच्या देखभालीची इंग्रजी पुस्तकं ज्या नियमांनी लिहितात, त्या एएसडी-एसटीई१०० मानकात सूचनेच्या वाक्याला २० शब्दांची मर्यादा आहे आणि माहितीच्या वाक्याला २५ शब्दांची. ओझरच्या विमान कारखान्यात कुणी ओळखीचं असेल तर अशा पुस्तकांबद्दल विचारून बघा. नाशिककराला हा फायदा घरबसल्या मिळतो आणि फारसं कुणी तो घेत नाही.

३.२ पुनर्लेखन

एखादा अवघड मजकूर घ्या आणि तो सोपा करून मूळ मजकुराशेजारी ठेवा. आपल्याकडे कच्च्या मालाला तोटा नाही. समजा सूचना अशी आहे:

*सर्व संबंधित नागरिकांना कळविण्यात येते की, तांत्रिक दुरुस्तीच्या कारणास्तव शनिवार रोजी सकाळच्या सत्रातील पाणीपुरवठा होऊ शकणार नाही, तसेच रविवार रोजी सकाळच्या सत्रातील पाणीपुरवठा कमी दाबाने होईल, याची नोंद घेऊन सहकार्य करावे.*

घरातल्या माणसाला यातलं काय हवं असतं? पाणी कधी येणार नाही, आणि मी काय करू.

*शनिवारी सकाळी पाणी येणार नाही. शुक्रवारीच भरून ठेवा. रविवारी सकाळी पाणी येईल, पण कमी दाबाने.*

एवढ्यावर थांबू नका. तुम्ही काय बदललं आणि का, हे बाजूला लिहा. सोप्या भाषेसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २४४९५-१, २०२३ मध्ये आलं. त्यात चार कसोट्या आहेत: मजकूर वाचकाच्या कामाचा आहे का, हवं ते त्याला सापडतं का, समजतं का, वापरता येतं का. प्रत्येक बदल या चारपैकी कोणत्या कसोटीसाठी केला ते एका ओळीत सांगा. निवड समितीला त्यातून तुमचा विचार दिसतो. नुसतं सोपं केलेलं वाक्य तर कुणीही करून देईल, आजकाल यंत्रही देतं.

नमुना मराठीत असेल तर मूळ मराठी, सुधारलेलं मराठी आणि दोन्हींचं इंग्रजी असे भाग शेजारी ठेवा. भाषांतर तुमचंच आहे हे लिहा. मराठीत काम केलं म्हणून कमीपणा मानणारे खूप भेटतात. मला उलट वाटतं. दोन भाषांतल्या वाचकांचा विचार करणारा अर्ज समितीच्या टेबलावर रोज येत नाही.

३.३ शिफारस-अहवाल

दोन-तीन पानं. एखादी अडचण, तिचा तुम्ही स्वतः केलेला छोटा तपास, पर्याय आणि तुमची शिफारस. सिटीलिंकच्या एखाद्या गजबजलेल्या थांब्यावर तासभर उभे राहा आणि नवखे प्रवासी एकमेकांना काय विचारतात ते वहीत टिपा. ‘ही बस पंचवटीला जाते का?’ हाच प्रश्न बारा वेळा आला तर फलकावर काय हवं, ते तुमच्या हातात आलं. २०२७ च्या सिंहस्थाला रामकुंडाकडे येणाऱ्या, मराठी न वाचणाऱ्या माणसाला कोणत्या वळणावर कोणती पाटी लागेल, हाही उत्तम विषय आहे. मात्र ‘नाशिकच्या वाहतूक समस्या’ असा निबंध लिहू नका. एक थांबा, एक तास, एक वही. एवढंच पुष्कळ.

३.४ चाचणी

सूचनापत्रक लिहून झालं की ते काम कधीच न केलेल्या तीन जणांच्या हातात द्या. शेजारी बसा आणि गप्प राहा. अवघड आहे ते गप्प राहणंच. माणूस कुठे थांबतो, कुठे मागे जाऊन परत वाचतो, काय विचारतो, हे लिहून काढा. जीएच्या पत्रकाची चाचणी घेताना पहिल्याच माणसाने विचारलं, ‘एक ग्रॅम कशावर मोजू?’ किराण्याच्या काट्यावर एक ग्रॅम मोजता येत नाही, हे लिहिणारीच्या डोक्यातच आलं नव्हतं. पत्रकात ‘लागणारं साहित्य’ हा भाग त्या एका प्रश्नामुळे आला.

*सावधान:* अल्कोहोल, वीज, ब्लेड किंवा फिरतं मशीन असलेलं काम नवख्या माणसाला खरोखर करायला लावू नका. तिथे त्याच्याकडून पायऱ्या बोलून घ्या, किंवा पाणी आणि मिठावर सराव करू द्या.

चाचणीआधीचा आणि नंतरचा, दोन्ही मसुदे जपून ठेवा. एसओपीमध्ये हाच प्रसंग लागणार आहे.

३.५ परवानगी

नोकरी करत असाल तर कंपनीचा दस्तऐवज नमुना म्हणून जसाच्या तसा जोडू नका, लेखक तुम्ही असलात तरी. बहुतेक ठिकाणी तुम्ही गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते. साहेबांची लेखी परवानगी घ्या, ईमेल चालतो. मिळत नसेल तर तशाच प्रकारचं काम काल्पनिक यंत्रावर नव्याने लिहा आणि तसं स्पष्ट सांगा. नुसतं कंपनीचं नाव काळं करून भागत नाही. भागाचे क्रमांक आणि फोटो राहिलेच की ओळख पटते.

३.६ प्रत्येक नमुन्याची ओळख

नमुन्याच्या वर शंभर-सव्वाशे शब्दांची टीप द्या: वाचक कोण, त्याला काय करायचं होतं, तुमचा वाटा किती, कोणती अडचण आली, चाचणीत काय बदललं. गटाने केलेलं काम असेल तर वाटा प्रामाणिकपणे लिहा. ‘आम्ही’च्या आड लपलेला अर्जदार लगेच ओळखू येतो.

यंत्राची मदत घेतली असेल तर आधी त्या विद्यापीठाचं धोरण वाचा. काही ठिकाणी शुद्धलेखनापुरती चालते, काही ठिकाणी अजिबात नाही. चालत असेल तिथेही कुठे घेतली ते सांगा.

३.७ फाइल

इथे मराठी मजकुराचा घात होतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतं. युनिकोडमध्येच टाइप करा. मंगल, मुक्त, नोटो सान्स देवनागरी यांपैकी कोणताही फॉन्ट चालेल. फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाइलमध्येच बसवून, पीडीएफ करा.

*तपासा:* पीडीएफ स्वतःला नाही, दुसऱ्या कुणालातरी पाठवा आणि त्याच्या फोनवर उघडायला सांगा. त्यातली एक मराठी ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट होते का पाहा. अक्षरं जशीच्या तशी आली तर तुम्ही युनिकोडमध्ये आहात. जोडाक्षरं फुटलेली असतील तर तसं पाठवू नका.

टप्पा ४: शिफारसपत्रं

आपल्याकडचा नेहमीचा संवाद असा: ‘सर, रेकमेंडेशन हवं होतं.’ ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ सर वेळ नसल्यामुळे असं म्हणतात, त्यात त्यांचा दोष नाही. पण तुम्ही लिहिलेली तीन पत्रं आणि तुमची एसओपी शेजारी ठेवली की चारही एकाच हाताची दिसतात. लेखनाचाच अभ्यासक्रम असल्यामुळे ते पकडणारी माणसंच समोर बसलेली असतात.

त्याऐवजी सरांचं काम हलकं करा. एका पानावर लिहून द्या: कोणत्या वर्षी त्यांच्याकडे कोणता विषय होता, तुम्ही काय सादर केलं, त्यावर ते काय म्हणाले होते, आता कुठे अर्ज करत आहात, मुदत कधी. त्यासोबत एक नमुना द्या. मेसेज साधा असू द्या:

*नमस्कार सर. मी २०२१ ते २०२४ तुमच्या वर्गात होते. तिसऱ्या वर्षी महिला बचत गटांवरचा प्रकल्प तुमच्याकडे केला होता. प्रोफेशनल रायटिंगच्या मास्टर्ससाठी अर्ज करते आहे आणि तुमचं शिफारसपत्र हवं आहे. या आठवड्यात कधी भेटायला येऊ? सगळी माहिती एका पानावर घेऊन येईन.*

भेटायलाच जा. फोनवर होकार पटकन मिळतो आणि तितक्याच पटकन विसरला जातो.

पत्र बहुधा पोर्टलवरून येणाऱ्या लिंकवर भरायचं असतं. सरांना सांगून ठेवा की इंग्रजी ईमेल येईल आणि तो स्पॅममध्येही जाऊ शकतो. कॉलेजच्या डोमेनचा ईमेल पत्ता असेल तर तोच द्या. अमेरिकेच्या अर्जात ‘पत्र वाचण्याचा हक्क सोडता का?’ असा प्रश्न असतो. सोडा. नाहीतर पत्राचं वजन कमी होतं.

तिघांपैकी एक जण कामाच्या ठिकाणचा असला तर उत्तम. मात्र काकांच्या ओळखीतले आमदार नकोत. त्यांनी तुमचं एकही पान वाचलेलं नसतं.

टप्पा ५: ट्रान्सक्रिप्ट आणि नाव

आधी हे विचारून घ्या: तुमची ट्रान्सक्रिप्ट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ देणार की तुमचं कॉलेज? आता बरीच कॉलेजं स्वायत्त आहेत आणि एकाच वर्गातल्या दोन बॅचना दोन वेगळी उत्तरं मिळू शकतात.

गुणपत्रिका दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. श्रेणींचा अर्थ बऱ्याचदा मागच्या बाजूला छापलेला असतो, आणि तीच बाजू राहून जाते. टक्के किंवा सीजीपीए स्वतः चाराच्या पट्टीवर बदलू नका. दहाला चार म्हणून गुणाकार-भागाकार करून टाकलेला आकडा चुकीचा तर ठरतोच, शिवाय अर्जावर विसंगती म्हणून उरतो. गुणपत्रिकेवर आहे तोच आकडा, त्याच पट्टीसह लिहा.

आता नाव. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि बाकी सगळं दुसऱ्या रकान्यात. कुणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव असतं, कुणाच्या नसतं. नियम एकच ठेवा: परीक्षेच्या नोंदणीपासून अर्जापर्यंत सगळीकडे पासपोर्टप्रमाणे. गुणपत्रिकेवर वेगळं असेल तर एका ओळीचं स्पष्टीकरण जोडा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत आत्ताच काढून ठेवा.

टप्पा ६: इंग्रजीची परीक्षा

क्लास लावा किंवा लावू नका, पण तीन चुका टाळा.

पहिली, चुकीचा प्रकार. आयईएलटीएसमध्ये अ‍ॅकॅडमिक आणि जनरल ट्रेनिंग असे दोन प्रकार आहेत. तुम्हाला अ‍ॅकॅडमिक हवा. फी भरण्याआधी पावतीवरचा शब्द वाचा.

दुसरी, फक्त एकूण बँडकडे म्हणजे गुणांकडे पाहणं. अट बरेचदा ‘एकूण ७ आणि कोणत्याही विभागात ६.५ पेक्षा कमी नको’ अशी असते. लेखनाचे अभ्यासक्रम लेखनाच्या विभागात जास्त मागू शकतात, आणि आपल्या मुलांचा नेमका तोच विभाग मागे पडतो. ६० मिनिटांत एक १५० आणि एक २५० शब्दांचं लेखन असतं. निम्म्याहून जास्त वेळ दुसऱ्याला ठेवा, त्याचं वजन दुप्पट आहे. संगणकावरच्या परीक्षेत एकच विभाग पुन्हा देण्याची सोय आहे, पण ते गुण प्रत्येक विद्यापीठ मानेलच असं नाही.

तिसरी, फार आधी परीक्षा देणं. निकाल दोन वर्षंच ग्राह्य धरतात.

जीआरई, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची सामान्य परीक्षा, बऱ्याच ठिकाणी आता ऐच्छिक आहे. ऐच्छिक असेल तर मी तो वेळ नमुन्यांना देईन.

टप्पा ७: एसओपी

अंबडच्या कारखान्यांत एसओपी म्हटलं की मशीनशेजारी लॅमिनेट करून लावलेला कागद डोळ्यांसमोर येतो: काम कसं करायचं त्याच्या पायऱ्या. इथे एसओपी म्हणजे तुम्ही का शिकायला जाता आहात त्याचं निवेदन. गंमत म्हणजे दुसरा कागद चांगला करायला पहिल्याकडून शिकता येतं. त्यात ‘लहानपणापासून आवड’ नसते.

‘मला लहानपणापासून लेखनाची आवड आहे’ या वाक्याने सुरुवात करू नका. थोरामोठ्यांच्या अवतरणानेही नको. मी वाचलेल्या निम्म्या अर्जांत या दोनपैकी एक असतंच. त्याऐवजी चाचणीचा प्रसंग घ्या:

*‘एक ग्रॅम कशावर मोजू?’ असं मला चाचणीला बसलेल्या पहिल्याच माणसाने विचारलं, तेव्हा माझ्या पत्रकाचा तिसरा मसुदा झाला होता आणि मी ते पूर्ण झालं असं समजत होते.*

इथून पुढे चार गोष्टी या क्रमाने: तुम्ही कोणती अडचण पाहिली, त्यावर काय केलं, कुठे अडलात, आणि ते अडलेलं या अभ्यासक्रमातल्या नेमक्या कोणत्या भागात शिकायला मिळेल. चौथ्या भागात विषयाचं नाव हवं. ‘आपल्या नामांकित विद्यापीठात’ हे शब्द दिसले की समजावं, हीच एसओपी सहा ठिकाणी गेली आहे.

विचार मराठीत करा, पण मसुदा इंग्रजीतच लिहा. मराठी मसुद्याचं भाषांतर केलं की वाक्यं लांबतात आणि क्रियापदं शेवटी जाऊन बसतात. सल्लागाराने दिलेला तयार साचा घेऊ नका. तोच साचा त्याने शेजारच्या खुर्चीवरच्या मुलालाही दिलेला असतो, आणि मजकुराची चोरी पकडणारी सॉफ्टवेअर विद्यापीठांकडे असतात.

*तपासा:* एसओपीतलं तुमचं आणि विद्यापीठाचं नाव झाका. तरीही हा अर्ज तुमचाच आणि याच अभ्यासक्रमासाठीचा आहे हे कळतं का?

टप्पा ८: अर्ज, पैसे आणि नंतरचं

बारा ठिकाणी अर्ज करू नका. चार-पाच पुरे. प्रत्येक अर्जाची वेगळी फी असते, आणि बाराव्या एसओपीपर्यंत तुमच्यातला संपादक थकलेला असतो.

विभागाला ईमेल करून दोन प्रश्न विचारा. मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना असिस्टंटशिप, म्हणजे विभागात काम करून वेतन किंवा फीमध्ये सूट, मिळते का? आणि अमेरिकेसाठी: या अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड, म्हणजे सरकारी वर्गवारीतला क्रमांक, काय? शिक्षणानंतर १२ महिने काम करता येतं, आणि त्यावर आणखी २४ महिने मिळतात ते फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या अभ्यासक्रमांना. लेखनाचे बरेच अभ्यासक्रम त्या यादीत बसत नाहीत. कर्जाचा हप्ता कुठून फेडणार हा हिशेब याच उत्तरावर अवलंबून असतो, म्हणून ते कर्जाआधी मिळवा. शैक्षणिक कर्जासाठी विद्यालक्ष्मी पोर्टलवर एका अर्जातून अनेक बँका गाठता येतात. परदेशी शिक्षणात बँका साधारण १५ टक्के वाटा तुमच्याकडून धरतात, तारणाच्या अटी बँकेगणिक वेगळ्या.

प्रवेश मिळाल्यावर अमेरिकेच्या व्हिसाचा क्रम: आय-२० (विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा दाखला), मग सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची), मग डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज, मग मुलाखतीची वेळ. मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत. पहाटेची गाडी उशिरा पोहोचण्याचा धोका घेण्यापेक्षा आदल्या दिवशी मुंबईत पोहोचा.

नाशिक सोडायचंच नसेल तर याच नावाची पदवी जवळपास सापडणं कठीण. मग मुक्त आणि दूरशिक्षणातून जोडून घ्या: इग्नूची भाषांतर किंवा पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी, किंवा गोवर्धनला मुख्यालय असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम. २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करण्याची मुभा आहे, त्यामुळे नियमित एमए करतानाही हे जमतं. दूरशिक्षणाच्या प्रवेशाआधी डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक) काढावा लागतो, आणि त्याला एबीसी आयडी (श्रेयांक बँकेतल्या खात्याचा क्रमांक) लागतो. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी सर्व्हर बंद पडण्याआधी दोन्ही काढून ठेवा. नमुने मात्र इथेही तेच तीन लागतील, कारण नोकरीच्या मुलाखतीत पदवीच्या नावाआधी तेच मागतात.

अर्ज ‘सबमिट’ केल्यावर तो संपला असं समजू नका. पोर्टल दर आठवड्याला उघडा. शिफारसपत्र आलं की नाही, आयईएलटीएसचा निकाल जोडला गेला की नाही, हे तिथेच दिसतं आणि अपुऱ्या अर्जाबद्दल कुणी फोन करत नाही. सरांचं पत्र आलेलं नसेल तर मुदतीच्या दहा दिवस आधी भेटा, आदल्या रात्री नाही. नमुन्यांच्या मूळ फाइल्स, चाचणीच्या वहीसकट, दोन ठिकाणी ठेवा. पहिल्या सत्रात इंटर्नशिपचे अर्ज सुरू होतात आणि पुन्हा त्याच लागतात.